क्वार्कच्या डब्यातला चीक

तेव्हा मी तरुण होते. एकोणसाठ वर्षांची. नुकतीच सरकारी नोकरीतून सुटलेली, गुडघे शाबूत, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. आता पंचाहत्तरीला टेकल्यावर त्या बाईकडे वळून बघते तेव्हा तिचा कान धरावासा वाटतो. पण हसूही येतं. एवढ्या तोऱ्यात चालणारी बाई मी नंतर परत पाहिली नाही.

लेक जर्मनीत इंगोलश्टाटला होती, अजूनही तिथेच आहे. गाड्यांच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. तिला सातवा लागला आणि मी बाळंतपणासाठी पुण्याहून निघाले. बॅगेत डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, आणि डोक्यात तीस वर्षांची नोकरी. मी पशुवैद्यकाच्या सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. जनावरांच्या रोगांचे जंतू शोधायचे, काचेच्या बशांत वाढवायचे, मोजायचे, वहीत लिहायचे. लोक लेकीकडे जाताना साड्या नेतात. मी अनुभव नेला, आणि त्याचं वजन विमान कंपनीने मोजलं नाही हे त्यांचं नशीब.

घरात शिरल्या शिरल्या माझं लक्ष फ्रिजवर गेलं. दारावर चुंबकाने एक कागद लावला होता. लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली यादी, गरोदरपणात काय खायचं नाही त्याची. कच्च्या दुधाचं चीज नाही, कच्चं दूध नाही, न धुतलेली भाजी नाही. खाली कारण छापलेलं: लिस्टेरिया.

मी मोठ्यांदा हसले. जुना शेजारी परदेशात अचानक भेटावा तसं झालं मला.

"अगं, याला घाबरता तुम्ही? हा तर माझ्या ओळखीचा!"

"आई, ओळखीचा असला तरी घरात घ्यायचा नाही," लेक म्हणाली.

"घरात घ्यायला तो विचारतो कुठे? सगळीकडे असतो तो. गाईच्या शेणात, वैरणीत, मातीत, माणसांच्या पोटात. तुझ्या आईने तीस वर्षं संसार केलाय त्याच्याबरोबर."

"आणि बाबांबरोबर?"

"तो फावल्या वेळात."

जावई चहा पिता पिता ठसकले. ते म्यूनिककडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत जात, रोज ट्रेनने. शांत माणूस, माझ्याशी फार अदबीने वागणारा.

पण मी थट्टा करत नव्हते. या जंतूच्या मागे मी खरंच खूप फिरले होते. आमच्या साहेबांनी एकदा पाहणी काढली होती, हा जंतू आपल्याकडे जनावरांत, माणसांत आणि वैरणीत किती आहे ते बघायची. जीप, एक ड्रायव्हर, बर्फाची पेटी आणि मी. पहाटे गोठ्यावर जायचं, शेण बाटलीत भरायचं, दूध घ्यायचं, गव्हाणीतली वैरण घ्यायची. ज्यांच्याकडे मुरघास असे, म्हणजे हिरवा चारा खड्ड्यात दाबून, हवाबंद करून आंबवलेला, तिथे मी विशेष उत्साहाने जाई, कारण नीट न मुरलेल्या, बुरशी आलेल्या मुरघासात हा गडी हटकून सापडे. शेणात बऱ्यापैकी, दुधात क्वचित. आणि माणसांत? तिथेच खरी मजा होती. गोठ्यावर राबणाऱ्या बायकांना मी प्लॅस्टिकच्या डब्या वाटायची आणि साबणावर भाषण द्यायची. माझी साडी कडक इस्त्रीची, नाकाला रुमाल. त्या बिचाऱ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. मला वाटे, लाजताहेत. आज कळतं, त्या मला हसत होत्या.

मग साहेब म्हणाले, तुलनेला जनावरांशी संबंध नसलेली माणसंही हवीत, आपल्याच कचेरीतल्यांचे नमुने घ्या. घेतले. महिन्याभराने निकाल लागले. कारकून निर्मळ, शिपाई निर्मळ, साहेब निर्मळ. एका डबीत लिस्टेरिया. नंबर जुळवून बघितला तर डबी माझी.

"बाई," साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता उद्यापासून तुम्हाला गोठ्यावर जायची गरज नाही. गोठाच कचेरीत येतो रोज."

त्यावर आठवडाभर कचेरी हसली. मला काहीही झालं नव्हतं, ताप नाही की पोटदुखी नाही, मी टुणटुणीत. आला तसा तो जंतू कधीतरी निघूनही गेला. पण त्यातून मी एक चुकीचा धडा घेतला आणि तो पंचवीस वर्षं जपून ठेवला: जे सगळीकडे असतं ते काही करत नाही.

हा धडा घेऊन मी इंगोलश्टाटला आले होते.

लेकीचं घर गावाच्या अगदी कडेला. मागे शेतं, आणि चालत दहा मिनिटांवर गाईगुरांचं एक फार्म. तिथे दाराशी दुधाचं यंत्र होतं. नाणं टाकायचं, बाटली धरायची, कच्चं दूध मिळायचं. वर पाटी होती, ती मला वाचता येत नव्हती, पण दूध तापवून घ्या असं लिहिलंय हे लेकीने सांगितलं. मी म्हटलं, हे मला जर्मन सरकारने शिकवायला नको. आमच्याकडे दूध घरात आल्या आल्या गॅसवर जातं, मग आपण चपला काढतो.

मी रोज सकाळी तिकडे फिरायला जाऊ लागले. दुधाचं निमित्त होतं, खरं कारण वास. ऑक्टोबरची थंडी, धुकं, ओल्या गवताचा वास आणि त्यात मिसळलेला मुरघासाचा आंबूस वास. तिथे खड्डा नव्हता, लांबच लांब ढीग होता, प्लॅस्टिकने झाकलेला आणि वर जुने टायर ठेवलेले. पण वास तोच. तो नाकात शिरला की मी पुन्हा पस्तिशीची व्हायची. जीप आठवायची, बर्फाची पेटी आठवायची, नाकावरचा तो मूर्ख रुमालही आठवायचा. तिथली शेतकरीण माझ्याच वयाची, गमबूट घातलेली, लालबुंद गालांची. तिला इंग्रजी येईना, मला जर्मन येईना. पण गाय समोर असली की बोलायला फार शब्द लागत नाहीत. मी गाईच्या कासेकडे बोट दाखवून कौतुक करायची, ती "जा, जा" म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेत "हो, हो". मी एकदा तिला डिंकाचा लाडू दिला. तो तिने दाताने फोडायचा प्रयत्न केला, मग खिशात ठेवला. बहुतेक अजून असेल.

अशातच लेकीला डोहाळे लागले. ऑफिसातून आली आणि सोफ्यावर पडून म्हणाली, "आई, खरवस खावासा वाटतोय गं. लहानपणी आणायचीस ना गोठ्यावरून चीक, तसला. पाकिटातल्या पावडरीचा नको, खरा."

गरोदर लेकीने काही मागावं आणि आईला ते आणता येऊ नये? मी दुसऱ्या दिवशी फार्मवर गेले. एक गाय आदल्या रात्री व्यायलेली होती. वासराकडे बोट, कासेकडे बोट, मग स्वतःच्या पोटावर हात फिरवून लेकीचं पोट, मग चमचा तोंडाशी. शेतकरीण आधी वासराला पाजायचं दूध आहे म्हणून मान हलवत होती. मग पोटाचा अर्थ कळला. "आख झो!", म्हणजे अस्सं होय, म्हणत आत गेली आणि काचेच्या बाटलीत चीक घेऊन आली. पिवळाधमक, दाट. मी बाटली छातीशी धरून घरी आले.

घरी आले तर कुकरची रिंग तडकलेली. वाफ धरेना. जावयांना फोन केला, ते म्हणाले, "आई, म्यूनिकला इंडियन दुकानात मिळेल, उद्या येताना आणतो." नुसत्या पातेल्यात झाकण ठेवून वाफवता आला असता. पण मला तो कुकरमधलाच हवा होता, जाळीदार, घट्ट. म्हणून मी चिकात दूध, साखर, केशर, वेलची, जायफळ सगळं घालून ढवळलं आणि उद्यासाठी फ्रिजमध्ये ठेवलं. कशात? तर रिकाम्या क्वार्कच्या डब्यात.

इथे थोडं सांगावं लागेल. क्वार्क म्हणजे तिकडचा चक्का. जर्मनीतल्या प्रत्येक मराठी घरात त्याचं श्रीखंड होतं आणि त्याचे रिकामे डबे धुऊन जपले जातात. त्यात डाळ असते, इडलीचं पीठ असतं, कोथिंबीर असते. डब्यावर जे छापलंय ते आत कधीच नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. आपण स्वतः डबे टाकायला काढत नाही आणि सासूला मात्र नावं ठेवतो. मी तीस वर्षं नवशिक्या मुलांना ओरडले होते, बाटलीवर चिठ्ठी लावल्याशिवाय फ्रिजला हात लावायचा नाही! त्या मीच चिठ्ठी न लावलेला कच्चा चीक तिसऱ्या फळीवर ठेवला आणि जेवून आडवी झाले.

उठून बाहेर आले तर लेक लवकर घरी आलेली. स्वयंपाकघरात उभी, हातात वाटी, वरच्या ओठावर केशरी मिशी.

"आई! बासुंदी केलीस आणि सांगितलं नाहीस! जरा पातळ झालीये आणि वास काहीतरी वेगळा आहे, पण काय मस्त आहे गं. दोन वाट्या संपवल्या मी."

शहरात वाढलेली पोर. खरवस तिने वडीच्याच रूपात पाहिला होता, चीक नुसता ऐकलेला, डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

मी म्हणाले, "हो."

तेवढंच. बासुंदी का, तर हो. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या, नवऱ्याला तर नियमित. पण त्या एका अक्षराची थाप मला आजही गिळता येत नाही.

लेक हात धुवायला गेली आणि मी तो डबा उचलून उरलेलं सगळं मोरीत ओतलं. वर गरम पाणी सोडलं. पुरावा नष्ट. गुन्हेगारही शांत डोक्याने एवढं करत नसतील.

मग मी बसले आणि मनात हिशेब मांडू लागले. गाईच्या शेणात जंतू असतो, पण दुधात क्वचितच उतरतो. उतरला तरी प्रत्येकाला बाधत नाही. मला बाधला नव्हता. गोठ्यावरच्या बायकांना बाधला नव्हता. म्हणजे काळजीचं कारण नाही. असं दहा वेळा मांडलं, दहाही वेळा उत्तर तेच आलं, आणि दहाही वेळा ते फ्रिजवरच्या कागदापाशी येऊन फसलं. कारण मला त्या कागदावर न लिहिलेलंही माहीत होतं. साध्या माणसाला जो जंतू ओळखही देत नाही तो गरोदर बाईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचू शकतो. आईला नुसता फ्लूसारखा ताप येतो. बाळ जाऊ शकतं. आणि ताप उद्याच येईल असं नाही, आठवडे जाऊ शकतात.

आणखी एक गोष्ट माहीत होती. आमच्या प्रयोगशाळेत हा जंतू वाढवायचा असला की आम्ही नमुना मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवायचो. बाकीचे जंतू थंडीत मान टाकतात, हा सावकाश वाढत राहतो. ती युक्ती मी कितीतरी मुलांना अभिमानाने शिकवली होती.

तरी मी बोलले नाही. उगाच पोरीच्या जिवाला घोर लागेल, असं स्वतःला सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं. मला लाज वाटली. जी बाई आल्या दिवशी त्या यादीला हसली, तिने आता काय तोंडाने सांगायचं? जावयांनी रिंग आणली तेव्हा मी म्हटलं, "चीक नासला हो." ते बिचारे म्हणाले, "काही हरकत नाही आई, पुढच्या गाईला सांगू."

मग नऊ दिवस मी लेकीच्या मागे सावलीसारखी. डोक्याला तेल लावायच्या निमित्ताने कपाळ चाचपायची. ती चिडायची.

"काय गं सारखं कपाळ! दृष्ट काढतेस की शेकोटी पेटलीये का बघतेस?"

"केस कोरडे झालेत."

"कपाळावर केस आहेत का माझ्या?"

फार्मवरही गेले. मुरघासाचा ढीग जिथे उघडा होता तिथे वाकून पाहिलं. कडेला पांढरी बुरशी. मुठीत घेऊन वास घेतला, तोच ना जो मला पस्तिशीची करायचा. त्या दिवशी त्याने मला शंभराची केली. शेतकरीण हसत आली, मला वाटतं तिला वाटलं, या बाईला आता चाराही चाखायचाय. मी गाईकडे बोट दाखवून विचारलं, "क्रांक?" आजारी? ती म्हणाली, "नाइन, नाइन!" छे, छे, आणि शेजारी खेळणाऱ्या आपल्या नातीच्या हातातला दुधाचा पेला दाखवला. कच्चं दूध. नात गुटगुटीत. मला थोडा धीर आला, आणि लगेच आठवलं, ती नात गरोदर नाहीये.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, लेक उठली तीच कण्हत. अंग दुखतंय, थंडी वाजतेय. ताप एकशे एकच्या वर. जावयांनी गाडी काढली. मी मागच्या सीटवर लेकीच्या शेजारी. वाटेत तोंड उघडलं, दोनदा, आणि दोनदा मिटलं.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण आली. पोटाला यंत्र लावलं, बाळाचे ठोके ऐकवले. ते ठीक होते. घसा पाहिला, प्रश्न विचारले. जावई मला हळूच मराठीत सांगत होते: सध्या सगळीकडे सर्दी-तापाची साथ आहे, बहुधा तेच असावं, गोळ्या देतील, घरी विश्रांती घ्या. डॉक्टरीण कागद आवरू लागली. लेक उठून कोटात हात घालू लागली.

आणि मला स्वच्छ दिसलं की आता ही माणसं घरी जातील. कारण जे विचारायला हवं ते विचारायचं कुणाला सुचणार नाही. ते या खोलीत फक्त मला माहीत आहे.

"थांबा," मी म्हटलं. मराठीत, आणि एवढ्या मोठ्याने की डॉक्टरीणही थांबली. मग माझं कचेरीतलं इंग्रजी काढलं, तेच, ज्यात मी अहवाल लिहायची. "रॉ कोलोस्ट्रम. फ्रॉम फार्म. टू बोल्स. टेन डेज बॅक. प्लीज डू ब्लड कल्चर फॉर लिस्टेरिया."

डॉक्टरिणीचा चेहरा बदलला. ती परत खुर्चीवर बसली. लेकीचा एक हात कोटात, एक बाहेर, तशीच माझ्याकडे बघत राहिली.

"कोलोस्ट्रम?" ती म्हणाली. "आई, ती बासुंदी होती."

"चीक होता तो. कच्चा. खरवसाचा."

"तुला माहीत होतं?"

"हो."

डॉक्टरिणीने विचारलं, त्यातलं थोडं शिल्लक आहे का, तपासता येईल. मी म्हटलं, फेकून दिलं. तीस वर्षं नमुने सांभाळलेल्या बाईने एकुलता एक कामाचा नमुना मोरीत ओतला होता. जावई इतकंच म्हणाले, "आई, अहो, आधी सांगायचंत." रागावले असते तर बरं झालं असतं.

रक्त काढलं आणि निकालाची वाट न बघता शिरेतून औषध सुरू केलं. लेकीला ठेवून घेतलं. आता रक्ताच्या बाटल्या यंत्रात राहणार, जंतू असेल तर वाढेल, दोनतीन दिवस लागतील. हे सगळं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती बाटली आत्ता कशी दिसत असेल हेसुद्धा मला माहीत होतं.

पहिला दिवस लेक माझ्याशी बोलली नाही. नवऱ्याशी बोलली तीही जर्मनमध्ये, मुद्दाम. एरवी घरात ती मराठीच बोलते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत दुपटं शिवत बसले. टाके एवढे वाकडे आले की ते दुपटं नातीला कधी घातलंच नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. लेक खिडकीकडे बघत म्हणाली, "चीक प्यायले त्याचा राग नाहीये मला. मीच न विचारता डबा उघडला. पण तू नऊ दिवस कपाळ चाचपत होतीस, म्हणजे तुला कळत होतं. मी आपली केस कोरडे म्हणून ऐकत होते."

हातातली सुई मी दुपट्यात टोचून ठेवली. म्हटलं, "लाज वाटली गं."

"कुणाची? माझी?"

"माझीच. मला सगळं येतं असं वाटायचं ना."

ती हसली नाही. पण मराठीत बोलली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीण आली. हातात कागद. जावई म्यूनिकहून निघालेले, ट्रेनमध्ये. लेकीने ऐकलं आणि माझ्याकडे वळून एकेक शब्द मराठीत सांगितला: "काही वाढलं नाही. त्या म्हणतायत, साधा व्हायरल होता. तरी पुढचे काही आठवडे ताप आला तर लगेच यायचं."

काही वाढलं नाही. आमच्याकडे हे वाक्य आलं की साहेबांचं तोंड पडायचं. महिना वाया, वहीत रिकामा रकाना. मी स्वतः किती वेळा चरफडत ते लिहिलंय. त्या दुपारी मी ते लेकीकडून पुन्हा म्हणून घेतलं, आणि मग आणखी एकदा, आणि डॉक्टरीण गेल्यावर पदरात तोंड लपवून रडले. अगदी त्या गोठ्यावरच्या बायकांसारखा पदर लावून.

"आई, पुरे," लेक म्हणाली. "इकडे ये. यापुढे मला जे काही खायला देशील ते काय आहे ते आधी सांगायचं. आणि चुकलीस तर त्याच दिवशी सांगायचं. दहाव्या दिवशी नाही."

"त्याच दिवशी," मी म्हटलं.

"शपथ?"

"तुझी नको, माझी घेते."

तिने माझा हात ओढून घेतला आणि पोटावर ठेवला. मला वाटलं, माफ केलं. तेवढ्यात आतून एक सणसणीत लाथ बसली, बरोबर माझ्या तळव्यावर.

"बघ," लेक म्हणाली, "तिलाही कळलंय."

मी हात काढला नाही. आणखी दोन खाल्ल्या.